तुळजाबाईचा दम आणि बलभीमरावांची वही

"मावशी, आजार तुमचा, वहीपण तुमची. भरायची तुम्हीच," असं म्हणून वर्षाराणी सिस्टरनं वही पुढं केली आणि ती घ्यायला हात आला बलभीमरावांचा.

ह्यात नवल काही नव्हतं. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत बाबूगिरी केलेला माणूस. कागद दिसला की हात आपोआप पुढं जातो. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण हाताला ते अजून कुणी कळवलेलं नाही. बायकोची वही त्यांनी उलटीपालटी करून बघितली, पानं मोजली, मागच्या बाजूला शिक्का आहे का ते तपासलं आणि काखेत मारली. तुळजाबाई बघत राहिली. सिस्टरपण बघत राहिली.

तुळजाबाईचं दुखणं फुप्फुसाचं होतं. चाळीस वर्षं तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीपुढं बसून फुंकणी फुंकली, त्याचं हे बक्षीस. जन्मात कधी विडीला शिवली नाही, पण सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून पहिला प्रश्न केला, "दिवसाला किती ओढता?" बिचारी लाजून मेली. तिथून कागद गावच्या उपकेंद्रात आले, अणदूरला, आणि वर्षाराणीनं तिला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. हा आजार जात नाही, पण रोजच्या रोज सांभाळला तर माणसाला नांदू देतो. तोंडानं ओढायचे दोन पंप, एक रोजचा आणि एक अडीनडीचा. ओठ आवळून हळूहळू फुंकर सोडायचा व्यायाम. रोज थोडं चालणं, धुरापासून लांब राहणं, आणि ही वही. वहीत रोज एक टिकली रंगवायची. बरं वाटलं तर हिरवी. दम नि खोकला वाढला तर पिवळी, आणि सिस्टरला फोन. बोलता येईना इतका दम लागला तर लाल, आणि थेट दवाखाना.

सगळं ऐकून तुळजाबाईनं एकच विचारलं. "बाई, मला तुळजापूरला जायचंय. दोन वर्सं झाली, माझी ओटी दुसऱ्याच्या हातानं जाती. आईबापानं जिचं नाव ठिवलं तिच्या पायऱ्या उतरायची मला चोरी झाली. खाली जाईन म्या, पण वर कशी येऊ?"

"सलग पंधरा दिवस चांगले गेले, मधे एकही वाईट नाही, तर जा खुशाल," सिस्टर म्हणाली. "थांबत थांबत जा. पण दिवस खरे मोजायचे, मावशी."

झालं, तुळजाबाईच्या डोक्यात पंधरा हा आकडा जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी बलभीमराव ओसरीवर स्केचपेन घेऊन बसले. चष्मा पुसला, आस्तीन वर केली आणि पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत तीसच्या तीस टिकल्या हिरव्यागार करून टाकल्या. एकही रेघेबाहेर जाऊ दिली नाही.

"अवं, आज तर पैलीच तारीख हाय," तुळजाबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? पिवळं दाखवलं की खुलासा मागवतेत. लाल दाखवलं की चौकशी लागती. सदतीस वर्सात माझा एक अहवाल परत आला न्हाय."

"आन मला दम लागला म्हंजे?"

"मला सांगायचं. मी बघतो काय करायचं त्ये."

आणि वही कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, जानवं नव्हतं म्हणून किल्ली करगोट्याला गेली. तुळजाबाईची तब्येत आता महिनाअखेरपर्यंत एकदम उत्तम होती. तिनं फक्त जगायचं बाकी होतं.

पण तुळजाबाईपण चौथी पास होती. वही नाही तर नाही, भिंत कुणी कुलपात घालत नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड, दार उघडं असलं की झाकली जाते त्या जागी, तिनं आपला हिशेब सुरू केला. रंग मात्र सिस्टरचे घेतले नाहीत. लाल म्हणजे वाईट? आईच्या कुंकवाला वाईट म्हणायचं? जीभ झडंल! ही वही छापणारा कुणीतरी बिनलग्नाचा माणूस असणार, असं तिचं स्वच्छ मत झालं. तिनं रंग सरळ करून घेतले. चांगल्या दिवसाला कुंकवाचं बोट. जेमतेम दिवसाला हळदीचं. वाईट दिवसाला काजळाचं. इतकी साधी गोष्ट, शेंबड्या पोराला कळेल. सरकारला का कळू नये, हे खंडोबालाच माहीत.

दुसऱ्या दिवसापासून बलभीमरावांनी बायकोच्या स्वावलंबनाचा ताबा घेतला. भिंतीवर वेळापत्रक लागलं. सकाळी सहाला फुंकरीचा व्यायाम. तुळजाबाई चटईवर, बलभीमराव खुर्चीवर, हातात घड्याळ. "घे श्वास. थांब. मी सांगितल्याबिगर सोडायचा न्हाय!" तेवढ्यात ह्यांचा फोन वाजायचा. मग पेन्शनीतला कुणी जुना सहकारी, मग महागाईभत्ता, मग साहेबांच्या बदल्या. श्वास धरून बसलेली तुळजाबाई शेवटी तो स्वतःच्या अधिकारात सोडून द्यायची आणि चहाला उठायची.

साडेसहाला चालणं. चालायचं तिनं होतं, पण बोलायचं ह्यांनी. दिसेल त्याला उभं करायचे. "आमच्या मंडळींचं फुप्फुस गेलंय. चालवायला लागतंय." की तो माणूस पंक्चर झालेल्या चाकाकडं बघावं तसा तुळजाबाईकडं बघायचा आणि आपल्या मावशीला असंच झालं होतं, ती कशी तडकाफडकी गेली, ते सविस्तर सांगायचा. हायवेच्या ट्रका अंगावरून धूळ उडवत जायच्या. चारशे पावलांना एक तास लागायचा, आणि घरी येऊन बलभीमराव म्हणायचे, "बघ, तुझ्यापायी माझे पाय गेले."

आता नवराच असा गावभर दवंडी पिटतोय म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा? शेजारची शांताक्का आली. "तुळजाक्का, निखाऱ्यावर ववा टाकायचा, डोस्क्यावरनं घोंगडं घ्यायचं आन धूर छातीत भरून घ्यायचा. माझ्या सासूचा खोकला तीन दिसात गेला."

"आगं, धुरानंच गेली की माझी छाती!"

"त्यो चुलीचा धूर. ह्यो औशदाचा."

ह्या शास्त्रापुढं बलभीमरावांनी मान डोलावली. परंपरागत उपचार आहे, करून बघायला हरकत नाही. तुळजाबाईला घोंगड्याखाली बसवलं. दोन मिनिटांत तिनं घोंगडं, शेगडी आणि शांताक्का ह्या तिन्हींना बाजूला ढकललं आणि अंगणात येऊन बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. अडीनडीचा पंप ओढला, गुडघ्यावर कोपरं टेकून वाकून बसली, ओठ आवळून फुंकर सोडत राहिली. अर्ध्या तासानं जीव थाऱ्यावर आला. "गुण येतोय," बलभीमराव म्हणाले. भिंतीवर काजळ लागलं.

समोरचा सिद्धाराम कशाला मागं राहतोय? मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणारा माणूस, साधं बोलला तरी चौकापर्यंत ऐकू जातं. त्याचा उपाय गाढवीचं दूध. रस्त्यानं ओरडत गाढवी घेऊन फिरणारा एकजण त्यानं पहाटे दारात आणून उभा केला. दूध ताजं पाहिजे, समोर काढलेलं पाहिजे, म्हणून बलभीमराव पंचनाम्याला जावं तसे गाढवीच्या मागच्या बाजूला जाऊन वाकले. गाढवीला तपासणी नवीन होती. तिनं एकच लाथ दिली, पण मांडीवर नेमकी दिली. आठ दिवस बलभीमराव लंगडत होते आणि विचारणाऱ्याला "पेशंटच्या सेवेत लागलं" म्हणून सांगत होते. चमचाभर दूध मिळालं, ते तुळजाबाईनं मांजरापुढं ठेवलं. मांजर वास घेऊन निघून गेलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण लाथ बसलेल्या माणसाची इज्जत कुठंतरी भरून निघावी लागते. बलभीमरावांनी मंडळ काढलं. "श्वसन स्वावलंबन मंडळ, अणदूर." अध्यक्ष स्वतः. उपाध्यक्ष सिद्धाराम. मंडळाला अकरा सभासद लागतात आणि गल्लीत छातीचा पेशंट तर एकच. मग दहा गोळा केले. एकाला मुतखडा होता, एकाला मूळव्याध, बाकीच्यांना काहीच नव्हतं पण चहा चालणार होता. तुळजाबाईला मात्र कुठलंच पद मिळालं नाही. लाभार्थी पदाधिकारी होऊ शकत नाही, असा नियम आहे म्हणे.

नोंदणीला गेले तर तिथं आरोग्यवाल्यांचं पत्र मागितलं. आरोग्यवाल्यांकडं गेले तर त्यांनी नोंदणी मागितली. दोघांच्या मधे बलभीमराव पंधरा दिवस आनंदानं हिंडले. इतके खूश ते नोकरीतपण नव्हते. शेवटी एका टेबलानं लाभार्थी हयात असल्याचा दाखला मागितला, म्हणून तुळजाबाईला साडी बदलून कचेरीत नेऊन उभं केलं. टेबलामागच्या गड्यानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "हयात आहेत का?"

"मला इचार की रं बाबा," तुळजाबाई म्हणाली. "समूर तर हाय म्या."

"तुम्ही बोलू नका, मावशी. तुमचं म्हणणं धरता येत नाही."

दर गुरुवारी मंडळाची बैठक ओसरीवर व्हायची. फुप्फुसाच्या रक्षणावर चर्चा चालू असताना मुतखडा आणि मूळव्याध विड्या ओढायचे. आत तुळजाबाई अकरा कप चहा टाकायची, आणि तोही चुलीवर. घरात गॅस होता की! पण बलभीमरावांना गॅसवरची भाकरी पचत नव्हती आणि गॅसवरच्या चहाला चव नव्हती. वहीत मात्र "चूल बंद" ह्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात "होय" लिहिलं होतं.

एका सकाळी बोटाला हळद लावून तुळजाबाई भिंतीपुढं उभी राहिली आणि आधीची बोटं बघत बसली. मंडळाच्या पहिल्याच गुरुवारी काजळ. धुरीच्या दिवशी काजळ. सासऱ्याच्या श्राद्धाला चुलीपुढं चार तास गेले, त्या दिवशीही काजळ. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं, पण चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला सांडलेलं दूध कुठल्या मांजरानं सांडलं ते कळतंच. तिला भयंकर संताप आला. माझा जीव, माझं फुप्फुस, आणि त्याच्यावर ह्या अकरा जणांचा चहा!

त्या दिवसापासून चूल थंड झाली. भाकरी गॅसवर भाजायची, शेवटाला कडेनं जरा जास्त करपवायची. बलभीमराव पहिल्या घासाला म्हणाले, "ही बघ चुलीवरची भाकर! गॅसवाल्यांना न्हाय जमायची ही चव." पुढंही रोज म्हणत राहिले. गुरुवारी गॅसवरचा चहा थर्मासात भरून ओसरीवर ठेवायची आणि शांताक्काला घेऊन मागच्या दारानं खंडोबाच्या देवळाकडं चालायला जायची. शांताक्का बडबडायची, पण थांबवायची तरी नाही. सकाळी पंप, गुळणी, फुंकर, सगळं बलभीमराव उठायच्या आधी उरकायचं. सहाच्या व्यायामाला ती नुसती चटईवर बसायची आणि ह्यांचा फोन यायची वाट बघायची.

दहा तारखेपासून भिंतीवर कुंकू लागायला लागलं. दहा, अकरा, बारा. एक दिवस जपून, दुसरा दिवस जपून. सतरा, अठरा. रोज बोट उठवताना ती मनात म्हणायची, की आज तरी दृष्ट लागू नये.

आणि चोवीस तारखेला जिल्ह्याचे साहेब मंडळाच्या उद्घाटनाला येणार असं ठरलं. बलभीमरावांनी बावीस पत्रं पाठवली होती. साहेब बहुतेक पत्रांना कंटाळून आले.

आदल्या दिवशी वर्षाराणी धावत आली. "काका, फटाके नको, उदबत्त्या नको, भंडारा तर अजिबात नको. फुप्फुसाचा कार्यक्रम आहे हो!"

"सिस्टर, खंडोबाचं गाव हाय. भंडाऱ्याबिगर कार्यक्रम करायचा म्हंजे अशुभ. तुमी शिकलेल्या, पण रीतभात बघा जरा."

चोवीसला सकाळी तुळजाबाईनं पंधरावं कुंकवाचं बोट भिंतीवर उठवलं आणि भिंतीला हात लावून पाया पडली. डोळे भरून आले तिचे. पंधरा झाले! परवा पौर्णिमा. आता तिला कुणाचा बाप अडवू शकत नव्हता. मग तिनं दाराला आतून कडी घातली, खिडकी लावून घेतली, पदर नाकाला लावला आणि पाटावर बसून राहिली. बाहेर काय होणार ते तिला माहीत होतं.

तसंच झालं. साहेबांची गाडी थांबली आणि हजाराची माळ फुटली. सिद्धारामच्या लाउडस्पीकरवर "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं आणि चहूबाजूंनी मुठी मुठी भंडारा उधळला गेला. साहेब, ड्रायव्हर, वर्षाराणी, सगळे पिवळे. श्वसनाचं महत्त्व सांगायला उभे राहिलेले बलभीमराव पहिल्याच वाक्याला असे ठसकले की अध्यक्षीय भाषण खोकल्यातच संपलं. मूळव्याधवाल्यानं ते खोकणं म्हणजे आपल्याला दिलेली खूण समजून ठरल्याप्रमाणं खोकायला सुरुवात केली. मग मुतखडाही खोकला. साहेब डोळे चोळत म्हणाले, "ह्यांच्यापैकी खरा पेशंट कोण आहे?"

"पेशंट आत हाय साहेब. रेकॉर्ड इथं हाय," म्हणून बलभीमरावांनी करगोट्याची किल्ली काढून वही आणली आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरली.

साहेबांनी पान उघडलं. तीस हिरव्या टिकल्या. त्यांनी घड्याळातली तारीख बघितली, परत वही बघितली. "आज चोवीस ना? मग तीस तारखेला ह्यांना बरं वाटलं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"नियोजन, साहेब."

साहेबांना नियोजनाचा अनुभव असावा. ते उठले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तुळजाबाईनं कडी काढली. साहेब आत आले, मागोमाग बाकीचेही शिरले, कुणीतरी दार मागं लोटलं, आणि दाराआडची भिंत समोर आली. लाल, लाल, लाल. ओळीनं पंधरा लाल.

"हे काय आहे?"

"ही तुळजाक्का रोज मांडती की," मागून शांताक्का म्हणाली. "तिच्या दुखण्याचं हाय त्ये. सिस्टरनं सांगिटल्यावानी."

साहेबांचा चेहरा पिवळ्याचा पांढरा झाला. "पंधरा दिवस बाई लाल झोनमध्ये आहे आणि वहीत हिरवं? अहो, मेली असती म्हणजे? ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"न्हाय हो सायब, त्ये कुंकू हाय, बऱ्या दिसाचं—"

"मावशी, बोलू नका. दम लागेल."

"मला दम न्हाय लागला. आज तर पंधरावा—"

"बोलताना वाक्य तुटतंय बघा ह्यांचं," साहेब म्हणाले. ते तोडत होते तेच, पण हे सांगणार कोण? वर्षाराणीनं पुढं होऊन तुळजाबाईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "साहेब, चौऱ्याण्णव आहे. ह्यांना हे चांगलंच आहे. आणि मावशी बऱ्या दिसतायत हो."

"दिसण्यावर जाऊ नका सिस्टर, रेकॉर्डवर जा."

सगळ्यांनी बलभीमरावांकडं बघितलं. बलभीमराव पेचात पडले. बायको बरी आहे म्हणावं, तर कशावरून म्हणता असं साहेब विचारणार. महिन्याभरात त्यांनी तिला कशी आहेस म्हणून विचारलं नव्हतं. ती भिंत तर त्यांनी आज पहिल्यांदा बघितली. आजारी आहे म्हणावं, तर वही खोटी ठरते. सदतीस वर्षांचा अनुभव कामाला आला आणि त्यांनी "साहेब म्हणतील तसं" म्हणून वही परत काखेत मारली.

ॲम्ब्युलन्स आली. आयुष्यात पहिल्यांदा तुळजाबाई, पंपाची पिशवी छातीशी धरून, गादीवर आडवी पडून प्रवासाला निघाली. ती बोलायला तोंड उघडायची की तिच्या नाकावर मास्क बसायचा. दोनदा काढला, दोनदा बसला. मग तिनं विचारलं, "कुठं न्यायलेत मला?"

"तुळजापूरला, मोठ्या दवाखान्यात," ॲम्ब्युलन्समधला माणूस म्हणाला.

"तुळजापूरला?" म्हणून तुळजाबाईनं मास्क स्वतःच नाकावर नीट बसवून घेतला. नळदुर्ग गेलं, वळणं गेली, भोंगा वाजत होता, लोक बाजूला होऊन रस्ता देत होते. तिच्या पायाशी बलभीमराव भंडाऱ्यानं माखलेले बसले होते. मधूनमधून ते म्हणत होते, "काळजी करू नको. मी हाय."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, तिला लांब बोळातून चालवून आणलं, परत बोटाला चिमटा लावला. मग कागद खाली ठेवला. "आजी, तुम्हाला झालंय काय?"

"कायबी न्हाय."

"मग आलात कशा?"

मग तुळजाबाईनं सांगितलं. कुंकू, हळद, काजळ, गुरुवारचा चहा, करपवलेली भाकरी, सगळं. मास्क नव्हता, मधे बोलणारं कुणी नव्हतं. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. "गुरुवारी वाढतंय हे तुम्ही स्वतः शोधलंत?"

"म्या न्हाय तर कोन शोधनार? दम मलाच लागतोय न्हवं?"

बलभीमरावांनी भिंतीवरच्या तक्त्यात एकदम लक्ष घातलं.

"आता म्या पायऱ्या उतरू का, तेवढं सांगा," तुळजाबाई म्हणाली. "पंधरा दिस झाले."

"उतरा. आधी पंप ओढा. वर येताना दहा पायऱ्या झाल्या की थांबा. चढताना बोलायचं नाही. दम लागला तर बसा, फुंकर सोडा, मग उठा."

परत न्यायला ॲम्ब्युलन्स नव्हती. ती फक्त आणते. बलभीमराव दवाखान्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "आता सरळ येष्टीनं घरी. परवा पौर्णिमेची काय ती गर्दी, पुढच्या महिन्यात बघू. मी साहेबांना एक खुलासा लिहायला पाहिजे आधी."

"तुमी लिवा खुलासा," तुळजाबाई म्हणाली आणि देवळाच्या रस्त्याला लागली. बलभीमराव दोन पावलं येष्टी स्टँडकडं गेले, मागं कुणी येत नाही असं बघितलं आणि वळले. पेशंटला एकटं सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दुकानातून खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेतल्या. महाद्वारापाशी तुळजाबाईनं पंप ओढला, पिशवीतल्या पाण्यानं गुळणी केली आणि पायरीवर पाऊल टाकलं. उतरताना गर्दीचे धक्के लागत होते, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. आईपुढं उभी राहिली तेव्हा मागायचं ठरवलेलं सगळं ती विसरली. तिला फक्त रडू आलं. दोन वर्षांचं रडू एकदम आलं. "आले गं माय. माझ्या पायानं आले," एवढंच म्हणाली. पुजाऱ्यानं ओटी घेतली, कपाळाला कुंकू लावलं, आणि मागच्या लोंढ्यानं तिला पुढं सरकवलं.

मग चढणं.

दहा पायऱ्या. थांबली. ओठ आवळून फुंकर सोडली, लांब, सावकाश. कुणी घाई करा म्हणत नव्हतं, कुणी घड्याळ घेऊन बसलं नव्हतं. परत दहा. छाती भरून यायला लागली तशी कडेला बसली, गुडघ्यावर कोपरं टेकली, शंभरदा केलेलं परत केलं. उठली. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं? पण दम आता तिच्या ओळखीचा झाला होता. कुठं वाढतो, कुठं उतरतो, ते तिला कळत होतं.

खालून हाक आली. "अगं ए! तुला दम लागला असंल! म्हणून मी थांबलोय!"

तिनं वळून बघितलं. पंधरावीस पायऱ्या खाली बलभीमराव कठड्याला धरून उभे होते. टोपी हातात, तोंड उघडं, भंडाऱ्यातून घामाचे ओघळ. डॉक्टरांनी चढताना बोलायचं नाही सांगितलं होतं. तिनं हातानंच त्यांना बसा म्हणून खूण केली आणि पुढच्या दहा पायऱ्या घेतल्या.

महाद्वारापाशी पोचली तेव्हा वारा होता. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि छातीत मावेल तेवढा वारा तिनं आत घेतला. तिला इतकं हसू येत होतं की पदर तोंडाला लावावा लागला. टोपलीत हळदकुंकवाच्या पुड्या घेऊन बसलेली बाई तिच्याकडं बघून म्हणाली, "एकल्याच आलाव व्हय मावशी, एवढ्या पायऱ्या?"

"एकली कशापायी?" तुळजाबाई म्हणाली. "मालक हायत की संगं. मला सांबाळायला आलेत."

"कुठं हायत?"

तुळजाबाईनं खाली बोट दाखवलं. "त्ये काय, मधल्या पायरीला बसलेत. दम खायलेत."

"मग थांबणार व्हय तुमी?"

"थांबते की," तुळजाबाई म्हणाली आणि टोपलीशेजारी ऐसपैस मांडी घालून बसली. "टाकून कसं जायचं? आजारी माणूस हाय."